मालावर बसू नये

खुर्च्यांच्या कारखान्यात माणसांनी बसायचं नाही, असा नियम करणाऱ्याच्या डोक्यात काय भरलेलं असतं, हे एकदा उघडून बघायला हवं. भुसा निघाला तर निदान कारखान्याचाच माल म्हणून परत घेता येईल. पण हे ताईंना फार उशिरा सुचलं. सुरुवातीला त्यांचा सगळा राग भलत्याच माणसांवर होता.

ताई म्हणजे जोडणी विभागाच्या सुपरवायझर. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे सुतारसुद्धा ताईच म्हणत. त्या दिवशी त्यांना वरच्या काचेच्या केबिनमध्ये बोलावणं आलं, तेव्हा टेबलावर एक तुटकी खुर्ची आडवी पडली होती. खुर्ची त्यांच्याच कारखान्यातली, एका वाचनालयातून परत आलेली. तिथे एक निवृत्त मास्तर वर्तमानपत्र वाचता वाचता जरा मागे रेलले, तर खुर्चीची पाठ निघून मागे गेली आणि तिच्यामागोमाग मास्तर. त्यांचं मनगट मोडलं होतं. बाकीच्या खुर्च्याही वाचनालयाने परत पाठवल्या होत्या, सोबत निरोप होता की असला माल पुन्हा आमच्या दारात आणू नका.

धाकटे मालक येरझाऱ्या घालत होते. थोरले मालक गेल्यापासून कारखाना त्यांच्याकडे आला होता आणि त्यांच्याबरोबर आले होते एक सल्लागार. सल्लागारांनी आयुष्यात एक खिळा ठोकला नव्हता, पण ठोकणाऱ्यांच्या मनात काय चाललंय ते त्यांना वरून दिसायचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रोग लाकडात नव्हता, माणसांत होता. माणसांना मरगळ आली आहे, कोणाला कशाचं काही वाटत नाही, सगळे नुसत्या पाट्या टाकताहेत. आणि अशी मरगळ एका माणसापासून सुरू होते, तो माणूस काढला की बाकीचे आपोआप जागे होतात. शुक्रवारी सगळ्यांची सभा घ्यायची आणि त्या सभेत ताईंनी सगळ्यांसमोर त्या माणसाचं नाव सांगायचं. ह्याला ते पारदर्शकपणा म्हणत होते.

"नाव तुम्हाला माहीतच असेल," धाकटे मालक म्हणाले.

नाव ताईंना माहीत होतं. कारखान्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं: बरंबुवा.

बरंबुवा हे सगळ्यांत जुने जोडणारे. त्यांना काहीही सांगा, उत्तर एकच, "बरं." लाकूड ओलं आलंय, तेच वापरा. बरं. जेवणाची सुट्टी उशिरा आहे. बरं. उद्यापासून तुमचं टेबल तिकडे अंधारात. बरं. चेहरा मख्ख, हूं नाही की चूं नाही. त्यांचं बघून तरुण पोरंही तशीच झाली होती. पूर्वी रंध्याच्या आवाजावरून कोण रागावलंय ते कळायचं, आता सगळे रंधे एकाच आवाजात चालत.

ताई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एका म्हाताऱ्या माणसाचं मनगट मोडलंय, आणि ह्या लोकांना त्याचं काही नाही? तुटलेली पाठ हातात घेऊन त्या तडक बरंबुवांच्या टेबलापाशी गेल्या आणि ती त्यांच्यासमोर आपटली.

"ही खुर्ची तुमच्या हातून गेलीय. सांधा सुटलेला दिसला नाही तुम्हाला?"

बरंबुवांनी पाठ उचलली, उलटी केली, खाचेत अंगठा फिरवला. खाचेतला सरस बोटाला पांढऱ्या भुग्यासारखा लागला.

"असं होणार हे दिसत होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाशी?"

एवढंच. उद्धटपणे नाही, की टोमणा म्हणून नाही. रस्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाठ खाली ठेवून पुढचं काम हातात घेतलं. ताईंना वाटलं, ह्या माणसाला धरून गदागदा हलवावं. शुक्रवारी नाव सांगायला आपल्याला काही जड जाणार नाही, असंही त्यांना त्या क्षणी वाटलं. ह्या वयात त्यांना दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, हे माहीत असूनही वाटलं.

संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी सगळं भडाभडा सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. सासूबाईंचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडण्यात गेलं होतं. कोण काय बोलतंय ह्यापेक्षा कोण बोलायचं थांबलंय ते त्यांना आधी ऐकू यायचं. ताईंचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी घास घेतला नाही.

"हा तोच ना गं, भांडायचा तो?" त्यांनी विचारलं.

"तोच. पण भांडायचा ते जुनं झालं, आई. आता दगड झालाय."

"पूर्वी तू रोज त्याच्या नावाने बोटं मोडायचीस. आज त्याने ओलं लाकूड फेकून दिलं, आज त्याने पॉलिशवालीला रडवलं, आज थोरल्या मालकांना तोंडावर चुकीचं म्हणाला. माझी जेवणं ह्या माणसाच्या भांडणांवर झालीत. मग एकदम बंद झालं. मला वाटलं, गेला की काय बिचारा." सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली. "कधीपासून भांडत नाही तो?"

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की उत्तर आपल्याला नेमकं माहीत आहे.

त्या कारखान्यात एक रीत होती, थोरल्या मालकांनी घालून दिलेली. जोडलेली खुर्ची, सरस वाळेपर्यंत सांधे आवळून धरणाऱ्या शिकंज्यातून सुटली की जोडणाऱ्याने स्वतः तिच्यावर बसायचं. नुसतं टेकायचं नाही. पूर्ण पाठ टाकायची, पुढचे पाय उचलून मागे रेलायचं, मग अंग डावीकडे, मग उजवीकडे. कर्रकन आवाज आला की खुर्ची परत शिकंज्यात. बरंबुवा तर डोळे मिटून बसायचे, आणि पोरं चेष्टा करायची की महाराज सिंहासनावर विराजमान झाले, आता निकाल लागणार. निकाल लागायचाही. अर्धी भांडणं त्या बसण्यातूनच सुरू व्हायची. सरस पातळ कोणी केला, खाच सैल कोणी काढली, कोणाचा हात कुठे चुकला. आरडाओरडा व्हायचा, खुर्ची पुन्हा जोडली जायची, दुपारी सगळे एकत्र जेवायचे.

मग धाकटे मालक आले आणि त्यांनी काचेची केबिन बांधून घेतली. केबिनमधून त्यांना काय दिसलं? कामाच्या वेळात माणसं खुर्च्यांवर बसलीत, डोळे मिटून झुलताहेत. हा कारखाना आहे की आरामगृह, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लाल अक्षरांत पाटी लागली: मालावर बसू नये. सल्लागारांनी त्याच झपाट्यात शिकंज्यांचा वेळही निम्म्यावर आणला, कारण शिकंज्यात अडकलेली खुर्ची म्हणजे त्यांच्या मते झोपलेली खुर्ची. सरस वाळला की नाही हे बसल्याशिवाय कळत नाही, आणि बसायला बंदी. खुर्ची दिसायला झकास. दारातून बाहेर पडेपर्यंत झकास.

बरंबुवा तेव्हा जिना चढून वर गेले होते. सगळ्यांनी पाहिलं होतं. काचेमागे त्यांचे हात हलताना दिसत होते. पाठ टाकल्यासारखं करून ते काहीतरी समजावत होते. मग हात थांबले. खाली आले तेव्हा कोणीतरी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, सल्ला द्यायला वर माणूस ठेवलाय म्हणे. आणि ताईंकडे वळून म्हणाले, तुम्ही तरी सांगून बघा.

ताई तेव्हा स्टुलावर उभ्या होत्या. पाटीचा दुसरा खिळा ठोकत होत्या. हातोडी न थांबवता त्या म्हणाल्या होत्या, आपण आपलं काम करू या ना.

"बरं," बरंबुवा म्हणाले होते. ते पहिलं बरं.

सासूबाईंशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वर गेल्या. शिकंज्यांचा वेळ पूर्वीसारखा करा आणि माणसांना बसू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ते शांतपणे मांडलं. आतून त्या उकळत होत्या तरी. धाकट्या मालकांनी ऐकून घेतलं, म्हणजे ताई बोलत असेपर्यंत ते फोनकडे बघत होते. सल्लागार हसून म्हणाले की मरगळ हीच तर अशी सबबी शोधते. आज बसायला मागतील, उद्या उशी मागतील. शिवाय पुढची खेप शनिवारीच निघणार आहे, एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासाठी, त्यामुळे आता फेरबदल नकोत.

दवाखाना! जिथे आजारी माणसं तासन्‌तास बसणार, गरोदर बायका बसणार, तिथे ह्या खुर्च्या. त्या म्हणाल्या, निदान ही खेप थांबवा. धाकटे मालक म्हणाले, "ताई, तुम्हाला एकच काम दिलंय. नाव."

दाराबाहेर पडताना ताईंना एक शब्द जिभेवर आलेला जाणवला आणि त्यांचा त्यांनाच धक्का बसला. तो शब्द 'बरं' होता. किती सोपा होता तो. म्हटला की जिना उतरायला मोकळं. त्यांनी तो गिळला. पण त्या एका क्षणात बरंबुवांचे ते मख्ख दिवस त्यांना आतून कळले. आळशी माणूस असा गप्प होत नाही. ज्याचं म्हणणं पुन्हा पुन्हा लाथाडलं जातं, तो होतो. आणि मग ज्यांनी लाथाडलं तेच विचारत फिरतात, हा असा थंड का पडला?

शुक्रवारी सभा पॅकिंगच्या हॉलमध्ये भरली. भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या वेळेवर आल्या नाहीत, म्हणून सल्लागारांनी शक्कल लढवली: दवाखान्यासाठी तयार झालेल्या खुर्च्याच रांगेत मांडून घेतल्या. खुर्च्या दिसत होत्या देखण्या. पॉलिशमध्ये खिडक्या उमटल्या होत्या. भिंतीवर लाल पाटी होतीच. सल्लागार तिच्याखाली उभे राहिले आणि प्रेमाने म्हणाले की आज तुम्हाला मालावर बसायची खास परवानगी आहे, तेव्हा बसा.

कोणीही बसलं नाही.

सगळे आत आले आणि भिंतीला लागून उभे राहिले. जोडणारे, रंधा मारणारे, पॉलिशवाल्या. मधल्या खुर्च्या रिकाम्या. सल्लागार पुन्हा बसा म्हणाले, मग अहो बसा म्हणाले, मग लाजता काय म्हणाले. माणसं ढिम्म. एक पॉलिशवाली तर जवळच्या खुर्चीला पदर लागू नये म्हणून तो सावरून उभी राहिली.

ताईंना लख्ख कळलं. ह्यांतली कुठली खुर्ची धडकी आणि कुठली सुटणारी, हे इथल्या एकालाही माहीत नव्हतं, कारण बसून बघितलंच नव्हतं. पण सुटणारी ह्यांत आहे, हे प्रत्येकाला माहीत होतं. आपल्या हातच्या कामावर बसायला घाबरणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती लाज त्यांच्या स्वतःच्या अंगावर आली. ह्या लोकांना काही वाटत नाही म्हणे. वाटत नसतं तर बसले नसते का खुशाल?

"हे बघा," धाकटे मालक सल्लागारांना म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बसा म्हटलं तर बसायचासुद्धा कंटाळा. ह्याला म्हणतात मरगळ. मला आणखी पुरावा नको." त्यांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढली. "ताई, सांगा आता नाव."

आणि ते बसले. पायावर पाय टाकला.

खुर्चीच्या पाठीजवळ एक बारीक कर्रर्र झालं. हॉलमधल्या प्रत्येकाने ते ऐकलं. ताईंनी तर नक्कीच ऐकलं. अजून ते रेलले नव्हते. उठा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. भिंतीला लागून सगळे त्यांच्याकडे बघत होते. ताईंच्या मनात आलं, सांगितलं होतं की. वर जाऊन, दोन हात जोडून सांगितलं होतं. आता बसू दे. आणि त्यांनी तोंड मिटलं.

धाकटे मालक ऐटीत मागे रेलले.

पाठ निघाली, मागचा पाय आत वळला, आणि मालक पाय वर करून जमिनीवर आडवे झाले. कोणी हसलं नाही. शेजारच्या खुर्चीवर टेकायला अर्धवट वाकलेले सल्लागार तसेच वाकलेले राहिले. पहिला हलला तो माणूस म्हणजे बरंबुवा. ते गर्दीतून पुढे आले, खाली बसले आणि त्यांनी खुर्ची उचलली. मालकांना नाही, खुर्चीला. सांध्यात अंगठा फिरवला, पांढरा भुगा बघितला, आणि त्यांचा चेहरा असा वेडावाकडा झाला की ताईंना वाटलं, हा आता रडतो की काय.

"ओला होता सरस," ते म्हणाले. "ओल्यावर ओढून काढलीय हिला."

"माहीत होतं?" धाकटे मालक कोपर चोळत उठून बसले. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? आणि एकानेही सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाल्या.

त्यांना स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला नाही, इतका तो मोठा होता.

"हा माणूस तुमचा जिना चढून सांगायला आला होता, तुम्ही त्याला हाकललंत. मला म्हणाला, तुम्ही तरी सांगा, तर मी खिळा ठोकत बसले. ती पाटी माझ्या हातची आहे. परवा मी सांगायला आले, तुम्ही फोन बघत होतात. आता विचारता, सांगितलं का नाही? तुमच्या वडिलांच्या काळात इथे रोज भांडणं व्हायची, कान किटायचे. भांडत होते म्हणून खुर्च्या टिकत होत्या. तुम्हाला शांतता हवी होती, मिळाली ना? आणि तुम्ही पडणार हे मलाही आत्ता ऐकू आलं होतं. मी बोलले नाही. मी, जी ह्या मरगळीचं नाव सांगायला उभी आहे. नाव लागतंच असेल तर माझ्यापासून सुरुवात करा आणि मग जिना चढत वर जा."

सल्लागार आता सरळ उभे राहिले होते आणि खुर्च्यांपासून दूर सरकत होते. धाकटे मालक मोडक्या पाठीकडे बघत होते. लहानपणी सुट्टीत वडील त्यांना नव्या खुर्चीवर बसवून झुलवायचे, हे जुन्या लोकांना आठवत होतं. त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. माफी वगैरे काही ते बोलले नाहीत. एकदा पाटीकडे, एकदा रिकाम्या रांगांकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्यातल्या किती अशा आहेत?"

"बसल्याशिवाय कसं कळणार?" बरंबुवा म्हणाले.

"मग बसा."

हे मालकांनी परवानगी म्हणून म्हटलं, की हरून, ते कोणी विचारत बसलं नाही. पॉलिशवाली आधी पुढे झाली. मग सगळेच. पाठ टाकायची, पुढचे पाय उचलायचे, डावीकडे, उजवीकडे. लाल पाटीखाली सगळा कारखाना खुर्च्यांवर झुलायला लागला. कर्र आवाज येई तिथून माणूस उठे आणि खुर्ची उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवी. बघता बघता भिंतीपाशी खुर्च्यांचा ढीग लागला. धाकटे मालक उभेच होते. आता त्यांना कोणी बसा म्हणत नव्हतं. थोड्या वेळाने ते जिना चढून केबिनमध्ये गेले.

आणि मग आवाज चढायला लागले. ही खाच कोणाची? मी नाही, तूच. सरसात पाणी कोणी घातलं? घातलं नाही, घालायला लावलं. ताई त्या कालव्यात उभ्या होत्या. कारखान्यात आपण उद्या असू की नाही, त्यांना माहीत नव्हतं.

बरंबुवा एक खुर्ची खांद्यावर घेऊन त्यांच्यापुढे आले. दाणकन खाली ठेवली.

"ही तुम्ही पास केलीत. हात तरी लावला होता का हिला?"

ताईंनी खुर्चीकडे पाहिलं. लावला नव्हता.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "चुकलं माझं."

"बरं काय, बरं?" बरंबुवा त्यांच्या अंगावर जवळजवळ ओरडलेच. बोट काचेच्या केबिनकडे होतं, कपाळावरची शीर फुगली होती. "नुसतं बरं म्हणून सुटायचं नाही, ताई. शिकंजे किती वेळ लावायचे, ते आत्ता वर चला आणि त्यांच्या तोंडावर ठरवा. मी येतोय भांडायला."